काडीचा आधार: स्पेनच्या महिला बास्केटबॉलबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

एकच मेसेज मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: स्पेनच्या महिला बास्केटबॉल लीगचं कौतुक फुकटचं आहे. तिथे खेळतात त्या डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगच्या अमेरिकी पोरी, सुट्टीत चार पैसे कमवायला आलेल्या. पैसा रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाच्या फुटबॉलचा. २०१६ ते २०२२ सलग एकाच क्लबने, सालामांकाच्या आवेनिदाने, लीग जिंकली. बघायला कुणी येत नाही. कायद्याने ती लीग व्यावसायिकसुद्धा नाही. आणि स्पॅनिश मुलींच्या पदरात शून्य.

सोपं आधी उरकतो. विजेत्यांची यादी काढायला दोन मिनिटं लागतात, ती मेसेज लिहिणाऱ्याने खर्च केली नाहीत. २०१६, २०१७, २०१८ आवेनिदा, इथवर बरोबर. २०१९ ला जिरोना. २०२० ला कुणीच नाही, कारण कोरोनात फेडरेशनने मोसम अर्ध्यावरच गुंडाळला आणि विजेता जाहीरच केला नाही. २०२१ आणि २०२२ पुन्हा आवेनिदा. म्हणजे सातपैकी पाच. २०११ पासून २०२५ पर्यंत चौदा विजेतेपदं दिली गेली. ती आवेनिदा, रोस कासारेस, रिव्हास, जिरोना आणि व्हॅलेन्सिया अशा पाच क्लबांत वाटली गेली आणि त्यातली सात आवेनिदाची. निम्मी एकाच घरात गेली, हे वर्चस्वच आहे, ते नाकारत नाही. पण २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं लीग व्हॅलेन्सियाने जिंकली, याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही.

आता पैसा. इथे थोडं रेंगाळतो, कारण मला या लीगचं वेड लागलं ते याच गोष्टीमुळे.

रेआल माद्रिदचा महिला बास्केटबॉल संघ या लीगमध्ये नाही. पुरुषांचा आहे, युरोपात दरारा असलेला आहे, पण महिलांचा नाही. बार्सिलोनाचं नाव लीगमध्ये अधूनमधून दिसलं, पण वर दिलेल्या चौदा विजेतेपदांत त्यांचं एकही नाही. मग पैसा येतो कुठून? संघांची नावं मोठ्याने वाचा, उत्तर तिथेच आहे. पेर्फुमेरियास आवेनिदा म्हणजे अत्तरं आणि सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या दुकानांची साखळी. स्पार जिरोनातलं ‘स्पार’ म्हणजे किराणा सुपरमार्केट. कासादेमोंत सारागोसा हे मांसाचे पदार्थ बनवणाऱ्या कंपनीचं नाव. गालिसियातल्या लुगो शहराच्या एन्सिनो संघापुढे दुरान माकिनारिया लागतं, म्हणजे यंत्रसामग्रीवाले. सान सेबास्तियानच्या संघाच्या नावात एउस्कोत्रेन आहे, ती बास्क प्रांताची रेल्वे. रेल्वे आणि महिला बास्केटबॉल ही जोडी आपल्याला नवी नाही, आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत इंडियन रेल्वेजने वर्षानुवर्षं बाकीच्यांना धुतलं आहे. फरक इतकाच की आपल्याकडे खेळाडू रेल्वेत नोकरीला असते, तिथे रेल्वेचं नाव फक्त जर्सीवर असतं.

आणि माझा लाडका संघ, काडी ला सेउ. ला सेउ दुर्जेल हे कॅटलोनियातलं, पिरेनीज पर्वतातलं, अँडोराच्या सीमेजवळचं गाव. वस्ती बारा हजारांच्या आसपास. ‘काडी’ ही तिथली दूध उत्पादकांची सहकारी संस्था, १९१५ साली सुरू झालेली, चीज आणि लोणी करणारी. कोल्हापूरकरांनी क्षणभर डोळे मिटून कल्पना करावी: गोकुळच्या नावाने मुलींचा बास्केटबॉल संघ आहे, तो देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये आहे, आणि थंडीत मुंबई-दिल्लीचे संघ घाट चढून त्याच्याशी खेळायला येताहेत. बुडत्याला काडीचा आधार ही म्हण कॅटलान लोकांना माहीत असायचं कारण नाही, पण त्यांनी ती शब्दशः अमलात आणली आहे.

२०२२-२३ चा मोसम घ्या. सोळा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे तीस सामने, मग पहिल्या आठांचा प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारी बाद फेरी. त्या सोळांत ला सेउ होता. गेर्निकाही होता. हो, तेच बास्क गेर्निका, स्पेनच्या यादवी युद्धात १९३७ साली विमानांनी बेचिराख केलेलं. आज तिथे सतरा हजारांच्या आसपास लोक राहतात आणि लोइन्तेक या अभियांत्रिकी कंपनीच्या नावाने त्यांच्या मुली मालोस्ते नावाच्या छोट्या हॉलमध्ये सालामांका आणि व्हॅलेन्सियाला घाम फोडतात. फुटबॉलचा पैसा म्हणे!

अमेरिकी पोरींच्या मुद्द्यात मात्र तथ्याचा अंश आहे, तो जुना झालाय एवढंच. डब्ल्यूएनबीएचा मोसम उन्हाळ्याचा, युरोपचा हिवाळ्याचा. अमेरिकेत पगार कमी असल्याने तिथल्या नामांकित खेळाडू वर्षानुवर्षं हिवाळ्यात युरोप गाठत. पण सर्वांत मोठ्या रकमा मिळायच्या त्या रशियात आणि तुर्कीत. अमेरिकेच्या डायना तौरासीने २०१५ चा अख्खा डब्ल्यूएनबीए मोसम सोडला, तो रशियन क्लबाने विश्रांतीसाठी पैसे मोजले म्हणून. ब्रिटनी ग्राइनरला २०२२ च्या फेब्रुवारीत मॉस्कोच्या विमानतळावर पकडलं, तेव्हा तीही येकातेरिनबर्गच्या त्याच क्लबाकडे चालली होती. स्पेनमधल्या क्लबांना या शर्यतीत उतरणं क्वचितच परवडलं.

परवडलं त्यातलं ठळक उदाहरण व्हॅलेन्सियाच्या रोस कासारेसचं, २०१२ च्या मोसमात. पोलादाच्या धंद्यातल्या कुटुंबाचा तो क्लब. माया मूर, लॉरेन जॅक्सन, सँचो लिटल या डब्ल्यूएनबीएतल्या तारका एकाच जर्सीत. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा हाच फोटो अडकलाय. पण त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी गेलं. डब्ल्यूएनबीएने २०२० च्या करारात अट घातली की आमच्या मोसमाआधीच्या सराव शिबिराला वेळेवर हजर व्हा. दोनपेक्षा जास्त वर्षं खेळलेल्या खेळाडूने उशीर केला तर २०२३ पासून दंड आणि २०२४ पासून थेट निलंबन. २०२५ च्या जानेवारीत मायामीत ‘अनरायव्हल्ड’ ही तीन विरुद्ध तीनची लीग सुरू झाली, म्हणजे थंडीतही घरच्या घरी खेळायची सोय झाली. स्पॅनिश क्लबांत परदेशी खेळाडू आजही आहेत, अमेरिकीही आहेत. पण ज्यांच्या जोरावर मेसेजने टोमणा मारलाय, त्या तारका आता तिकडे फारशा फिरकत नाहीत.

प्रेक्षकांबद्दल एकच दृश्य सांगतो. २०२३ ची कोपा दे ला रेइना, म्हणजे राणीचा चषक, सारागोसाच्या प्रिन्सिपे फेलिपे हॉलमध्ये झाली. अंतिम सामना यजमान कासादेमोंत विरुद्ध आवेनिदा. सारागोसाच्या महिला संघाने तोवर मोठा चषक उचललेला नव्हता आणि समोर ज्यांना चषक ठेवायला कपाट पुरत नाही असा संघ. हॉलमध्ये दहा हजारांहून जास्त माणसं, सगळी यजमानांच्या लाल रंगात. एरवी बास्केटबॉलमध्ये चेंडूचा टप्पा आणि बुटांची चरचर टीव्हीवरही ऐकू येते. त्या दिवशी आवेनिदाची खेळाडू फ्री थ्रोला उभी राहिली की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. सारागोसा जिंकलं. दोन वर्षांनी, २०२५ ला, युरोलीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची, शेवटची सहा संघांची फेरी त्याच हॉलला मिळाली. हे रोजचं चित्र नाही, मान्य. ला सेउला दहा हजार माणसं आणायची तर जवळजवळ सगळं गाव उचलून हॉलमध्ये बसवावं लागेल. पण ‘कुणी येत नाही’ आणि ‘गावाच्या मापाने येतात’ यांत फरक आहे की नाही?

कायद्याचा मुद्दा खरा आहे. सहांतला एवढाच एक पूर्ण खरा, आणि तोच मेसेजवाल्याला सर्वांत कमी कळलाय. स्पेनमध्ये ‘व्यावसायिक स्पर्धा’ हा सरकारी शिक्का आहे, तो क्रीडा परिषद देते. महिला फुटबॉलच्या लीगला तो २०२१ साली मिळाला. महिला बास्केटबॉल लीग मात्र फेडरेशनच चालवते आणि तिच्यावर तो शिक्का नाही. याचा अर्थ खेळाडू हौशी आहेत असा होत नाही. त्यांचे करार असतात, पगार असतो, रोजचा सराव असतो, युरोपात खेळणाऱ्या संघांना तर आठवड्यात लीगचा एक आणि युरोपातला एक असे दोन सामने असतात. शिक्का नसल्याचा तोटा वेगळा: प्रसारणहक्क, वेळापत्रक, नियम यांवर क्लबांची स्वतःची पकड राहत नाही. टीका करायची तर इथे करायला वाव होता. ती केली नाही, ‘व्यावसायिक नाही’ एवढं लिहून पुढचा टोमणा मारला.

आणि ‘स्पॅनिश मुलींच्या पदरात शून्य’. हे वाचून मी खरंच हसलो. या लीगमध्ये वाढलेल्या मुलींनी २०१३, २०१७ आणि २०१९ ला युरोपचं सुवर्ण जिंकलं. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्य, दोन्ही वेळा समोर अमेरिका. लाइया पालाउ देशासाठी ३१४ सामने खेळली आणि चाळिशी ओलांडल्यावर निवृत्त झाली, ती जिरोनाच्या जर्सीत. प्रत्येक संघाला देशात घडलेल्या खेळाडू ठरावीक संख्येने ठेवाव्याच लागतात, त्यामुळे त्यांना बाकावर बसवून ठेवायची चैन छोट्या क्लबांना परवडतच नाही.

हे सगळं एका माणसात बघायचं असेल तर आल्बा तोरेन्स बघा. मायोर्का बेटावरची. २०११ साली आवेनिदाने येकातेरिनबर्गमध्ये स्पार्ताक मॉस्कोला ६८-५९ हरवून युरोलीग जिंकली, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली. पुढे इस्तंबूल, मग रशिया, कारण पैसा तिकडे होता. युक्रेनचं युद्ध सुरू झालं तशी २०२२ मध्ये ती परतली, व्हॅलेन्सियाकडे. पुढच्याच मोसमात व्हॅलेन्सियाने आवेनिदाला हरवून आपली पहिली लीग जिंकली. तोवर तिच्याच हॉलमध्ये पुढची पिढी उभी राहिली होती: गालिसियाची राकेल कारेरा आणि तेव्हा विशीही न गाठलेली, सांता पोलाची आवा फाम. कारेरा, फाम आणि आवेनिदाची इयाना मार्तिन, तिघी २०२५ च्या युरोपीय स्पर्धेत स्पेनकडून अंतिम फेरीत खेळल्या. बेल्जियमविरुद्ध शेवटच्या चार मिनिटांत दहाहून जास्त गुणांची आघाडी घालवून स्पेन ६७-६५ हरलं. तो सामना आठवला की माझं अजून डोकं फिरतं. पण हरल्या म्हणजे शून्य मिळालं असं नव्हे.

मग लीगची दुखरी नस कुठे आहे? मेसेजवाल्याने थोडं खणलं असतं तर त्याला रोस कासारेसची पुढची गोष्ट सापडली असती. २०१२ ला त्यांनी इस्तंबूलमध्ये युरोलीग जिंकली. अंतिम सामना दोन स्पॅनिश क्लबांतच झाला, त्यांनी रिव्हासला ६५-५२ हरवलं. त्या वर्षी स्पेनची लीगही त्यांचीच. आणि त्याच उन्हाळ्यात मालकांनी व्यावसायिक संघ बंद केला. युरोपचा विजेता संघ, पुढच्या मोसमात अस्तित्वातच नाही. ना गैरव्यवहार, ना शिक्षा. पैसे देणाऱ्याने हात काढून घेतला, बस.

त्याच शहरात दोन वर्षांनी व्हॅलेन्सिया बास्केटने महिला संघ उभा केला. खालच्या गटातून सुरुवात, २०१८ ला वर चढले, २०२३ ला विजेते. शहरात त्यांनी मुलामुलींसाठी ‘लाल्केरिया’ नावाचं केंद्र बांधलंय, तेरा कोर्टांचं. संध्याकाळी तिथे दहा-बारा वर्षांच्या मुली आपल्या उंचीच्या अर्ध्या आकाराच्या पिशव्या ओढत येतात. केंद्राचा, संघाचा आणि २०२५ ला उघडलेल्या नव्या कोऱ्या अरिनाचा खर्च हुआन रोइग उचलतात, मर्कादोना सुपरमार्केटचे मालक. अरिनाला नावही त्यांचंच आहे. १९४९ चा जन्म आहे त्यांचा.