मिब फाइल फोल्डरमध्ये टाकली, तरी नावं का दिसत नाहीत?

राउटरसारख्या डिव्हाइसकडून एसएनएमपी प्रोटोकॉलने माहिती विचारायला नेट-एसएनएमपी ही टूल्स वापरतात; त्यातला एसएनएमपीवॉक ती माहिती ओळीने विचारत जातो. मिब म्हणजे त्या माहितीच्या आकडी पत्त्यांना नावं देणारी मजकूर फाइल, आणि व्हेंडर म्हणजे डिव्हाइस बनवणारी कंपनी. याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतो: ‘व्हेंडरची मिब फाइल सिस्टिमच्या मिब्स फोल्डरमध्ये कॉपी करा, एसएनएमपीडी रीस्टार्ट करा, म्हणजे एसएनएमपीवॉकमध्ये डिव्हाइसची नवी माहिती येते. नाहीच आली तर सगळ्या मिब लोड करा.’ यातला एकही टप्पा सांगितला तसा चालत नाही, आणि नवीन शिकणाऱ्यांचा वेळ यात फुकट जातो.

रीस्टार्टचा इथे काही संबंधच नाही. एसएनएमपीडी हा तुमच्या मशीनवरचा एजंट, म्हणजे तुमच्या मशीनबद्दलच्या विचारणांना उत्तर देणारा प्रोग्रॅम. विचारणा चालली आहे राउटरला. नेटवर्कवरून नावं जात नाहीत; ओआयडी, म्हणजे प्रत्येक माहितीचे टिंबांनी जोडलेले आकडी पत्ते, जातात. त्यांना नावं देण्याचं काम एसएनएमपीवॉक तुमच्याकडच्या मिबवरून करतो, आणि कमांड चालवली की दर वेळी फाइल नव्याने वाचतो.

‘नवी माहिती येते’ हेही खरं नाही. ओआयडी न देता वॉक केला तर तो १.३.६.१.२.१ पासून सुरू होतो. व्हेंडरचा डेटा असतो १.३.६.१.४.१ खाली (सिस्को ९, मायक्रोटिक १४९८८). ती शाखा स्वतः लिहून दिली की मिब नसतानाही सगळं येतं. मायक्रोटिकचं व्होल्टेज घ्या: १.३.६.१.४.१.१४९८८.१.१.३.८.० ला विचारलं की मिबशिवाय २४३ असं उत्तर येतं. मिब लोड केली की तेच २४.३ दिसतं, कारण एक दशांश स्थळ दाखवायची सूचना मिबमध्ये लिहिलेली असते. स्क्रिप्टमध्ये अलर्टची मर्यादा २०० ठेवली असेल तर मिब जोडल्या दिवसापासून ती चुकेल. हे आधीच तपासा.

आता कॉपी करण्याचं. फाइल फोल्डरमध्ये आहे म्हणून ती लोड होत नाही. टूल ठरावीक मॉड्यूलच (मिब फाइलमधली व्याख्या म्हणजे मॉड्यूल) आपणहून उचलतं. बाकीच्यांसाठी स्मॉल एमचा पर्याय देऊन मॉड्यूलचं नाव लिहावं लागतं, नावाआधी अधिकचं चिन्ह लावून. चिन्ह विसरलात तर नेहमीची यादी बाजूला पडते आणि फक्त तुमचं मॉड्यूल व त्याला लागणारी मॉड्यूल उरतात. नाव फाइलचं नव्हे. फाइलच्या आत सुरुवातीला ‘डेफिनिशन्स’च्या आधी असतं ते, कॅपिटल अक्षरांसकट जसंच्या तसं. सबफोल्डरमध्ये टूल आपणहून शोधत नाही. तो कॅपिटल एमने वेगळा द्यावा लागतो. रूट परवानगी नसेल तर होम डिरेक्टरीतल्या डॉट-एसएनएमपी फोल्डरमधला ‘मिब्स’ फोल्डर चालतो, पण क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम दुसऱ्या युजरने चालत असेल तर त्याला तो दिसणार नाही.

डेबियन आणि उबंटूवर आणखी एक अडचण आहे. तिथल्या एसएनएमपी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मिब्स’ शब्दापुढे नुसता कोलन असलेली ओळ असते. ती मिब लोड करणंच बंद करते. त्या ओळीआधी हॅश टाका. लायसन्समुळे मूळ मानक मिबही पॅकेजसोबत येत नाहीत. त्या एसएनएमपी-मिब्स-डाउनलोडर पॅकेजने आणाव्या लागतात.

राहिलं ‘सगळ्या लोड करा’. त्याने फोल्डरमधल्या प्रत्येक बिघडलेल्या फाइलची एरर तुमच्या स्क्रीनवर येते आणि खरं कारण त्यात बुडतं. बहुतेक वेळा कारण इम्पोर्ट्समध्ये असतं: व्हेंडरची मिब दुसऱ्या मिबवर अवलंबून असते आणि ती आणलेलीच नसते. ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’ ही पहिली एरर आधी सोडवा. खालच्या ‘अनलिंक्ड ओआयडी’ बऱ्याचदा त्याबरोबरच जातात. तपासायला डिव्हाइसही लागत नाही: एसएनएमपीट्रान्सलेटला मॉड्यूल आणि नाव द्या, ओआयडी मिळाला की लोड झालं.

तरीही पार्स एरर (फाइलचा मजकूर वाचताना येणारी चूक) आली तर कॉमेंटच्या ओळी बघा. मिबमध्ये दोन डॅशने कॉमेंट सुरू होते आणि त्याच ओळीत पुढच्या दोन डॅशने संपते. सजावटीला पाच डॅश ओढले असतील तर शेवटचा एक डॅश कॉमेंटबाहेर पडतो आणि पार्सर अडतो. त्यासाठी कॅपिटल पी, स्मॉल सी हा पर्याय आहे. नावांत अंडरस्कोर असेल तर कॅपिटल पी, स्मॉल यू.