तडा बुजवला म्हणजे बोट दुरुस्त होत नाही रे बाबांनो

डोकं फिरलंय माझं. कुठल्याही छोट्या फायबरच्या शिडाच्या बोटीवर तडे दाखवा, समोरचा वर वर बघणार आणि लगेच सांगणार, काही नाही हो, जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराचे आहेत, कॉस्मेटिक आहे, पुट्टी मारा आणि रंग द्या. अरे पण तडा का आला ते विचारलंस का? काय हललं म्हणून आला?

जेलकोट असतो साधारण अर्धा मिमी जाड आणि ठिसूळ, खालचं फायबर वाकतं तसा तो वाकत नाही, म्हणून फुटतो. मान्य, बऱ्याच वेळा तो नुसता जेलकोटच असतो, मूळचाच जाड लागलेला. पण तड्याचा आकार बघायला काय पैसे पडतात का? गोल गोल कड्या असतील तर बाहेरून काहीतरी आदळलंय. एका बिंदूतून चांदणीसारख्या रेषा फुटल्या असतील तर मार बहुतेक आतून आलाय. स्टँचनच्या, म्हणजे डेकच्या कडेच्या कठड्याच्या खांबाच्या, बोल्टभोवती तडे असतील तर कोणीतरी तो स्टँचन धरून बोटीवर चढत असतं आणि खाली ताण पसरवणारी बॅकिंग प्लेट नाहीये. आणि हलवर, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचावर, उभ्या, एकमेकींना समांतर रेषा असतील, त्याही बरोब्बर जिथे आत बल्कहेड, म्हणजे प्लायची आडवी भिंत, आहे तिथेच, तर त्याला कॉस्मेटिक म्हणणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. तिथे हल बल्कहेडच्या कडेवर बिजागरीसारखा वाकतोय!

माझ्या बोटीत नेमकं हेच निघालं. आधीच्या मालकाने बाहेरून पुट्टी भरून, घासून, वर चकचकीत रंग मारून ठेवलेला. पहिल्या जोरदार वाऱ्यातच रेषा पुन्हा उमटल्या, जागेवरच. आत गेलो तर बल्कहेडचं टॅबिंग, म्हणजे प्लाय हलला धरून ठेवणारी ती फायबरची पट्टी, प्लायच्या शोभेच्या व्हीनियरवरच चिकटवलेली! ती नखाने सुटत होती. खाली बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं, पाणी पिऊन प्लाय इतका कुजलेला की टोच्या सरळ आत. आणि वर त्याच प्लायला चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीच्या तारा जिथे अडकवतात ती पट्टी, बोल्ट केलेली, म्हणजे डोलकाठीचा सगळा ताण त्या कुजक्या लाकडावर. ह्यावर रंग मारून बोट विकली त्या माणसाने. समुद्रात माणसं घेऊन जायची असते ही वस्तू, जरा तरी विचार करा ना.

खुणा आधीपासून ओरडत असतात, कोणी ऐकत नाही. बोट कलली की केबिनचं दार अडकतं, परत सरळ झाली की सुटतं, ह्याला लोक म्हणतात लाकूड फुगलंय, दाराला रंधा मारा! अरे दार नाही, चौकट तिरकी होतेय. श्राउड, म्हणजे डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या तारा, आवळले की आठवड्यात परत ढिले, मग अजून आवळतात, आणि चेनप्लेट प्लायसकट वर सरकत राहते. लीवर्डचे, म्हणजे बोट कलते त्या बाजूचे, श्राउड थोडे ढिले पडणं ठीक आहे, पण लटलट लोंबायला लागले तर ते आवळायच्या टर्नबकलला हात लावू नका, आधी आत बघा. प्लाय आणि हलच्या सांध्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारायची, सेलिंग करून यायचं, रेघ तुटली असेल तर सांधा हलतोय, इतकं सोपं आहे. छोटी हातोडी घेऊन ठोकत जा, टणक आवाज बदलून बद्द झाला की थांबा. पण नाही, सगळ्यांना फक्त मॉइश्चर मीटरचा आकडा पाहिजे!

आणि ज्या बोटींत आतून सगळं गुळगुळीत लायनर, म्हणजे फायबरचं अस्तर, बसवलेलं असतं तिथे तर चिडूनही उपयोग नाही, सांधा दिसतच नाही. 2014 च्या मेमध्ये चीकी रफिकी ही 40 फुटी यॉट अटलांटिकमध्ये कील, म्हणजे तळाखालचं वजनदार पातं, सुटून उलटली, चार जण गेले. ब्रिटनच्या अपघात तपास विभागाच्या अहवालात हेच आलं की आधी तळाला आपटणं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या ह्यांमुळे हलला आतून चिकटवलेला सांगाडा सुटत गेला असण्याची शक्यता आहे, आणि असं सुटणं सहज दिसत नाही. तरीही लोक कील आपटली की बाहेरून खरवड बुजवतात आणि निघतात. आत कीलच्या मागच्या टोकाशी बघा ना! आपटल्यावर ते टोकच वर हलमध्ये घुसतं.

दुरुस्ती करायचीच तर आतून सुरू करा. व्हीनियर, रंग, जुनी पट्टी सगळं ग्राइंडरने उडवा, कुजका प्लाय कापून टाका, नवीन प्लायची कड हलवर थेट टेकवू नका, मध्ये फोमची पट्टी आणि इपॉक्सीची गोलाई द्या, नाहीतर तोच हार्ड स्पॉट, म्हणजे हल जिथे वाकून फुटतो ती कडक जागा, परत तयार. मग दोन्ही बाजूंनी टॅबिंगचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. डेकवरची चेनप्लेटची फट नव्याने सील करा, पाणी तिथूनच येतं. बाहेरचा तडा ग्राइंड करून बघा, खाली पांढरे तुटलेले धागे दिसले तर लॅमिनेट, म्हणजे आतलं फायबरच, गेलंय, तिथे जाडीच्या बारापट लांब उतार काढून नवीन फायबर भरावंच लागतं. जेलकोट सगळ्यात शेवटी, आणि तोवर रंगाचा डबा उघडायचा नाही म्हणजे नाही.