बादलीभर माती

घरातली पहिली बादली गेली तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसरी गेली तेव्हा सासूबाईंनी विचारलं. तिसरी गेली तेव्हा नवरा अंगाला साबण लावून आतून हाका मारत होता आणि मी अंगणात कोपरापर्यंत चिखलात होते, म्हणून मला ऐकू आलं नाही. निदान मी तसं सांगितलं.

सुरुवात लेकीनं केली. तिनं घरातलं प्लॅस्टिक हद्दपार करायला घेतलं तेव्हा मी भरात येऊन म्हणाले, "त्यात काय, भांडी आपण घरीच करू. मातीची! माती काय, पायाखालीच असते." बोलून मी मोकळी झाले. पण लेक अशी वाक्यं लिहून ठेवते.

शेजारच्या घराचा पाया खणत होते. वरची मुळ्या-काड्यांची माती गेल्यावर खाली पिवळसर, चिकट थर लागला होता. अशी माती कामाची आहे का हे बघायची सोपी रीत आहे. चिमूटभर ओली करायची, पेन्सिलीएवढी वळी वळायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. तडे गेले नाहीत तर माती पास. माझी वळी बोटात अंगठीसारखी बसली. त्या आनंदात दुसरी चाचणी, म्हणजे मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकून फसफसतंय का ते बघायचं, ती मी सोडूनच दिली. व्हिनेगरसाठी घरात जावं लागलं असतं, आणि घरात गेले असते तर कोणीतरी काम सांगितलं असतं. या आळसाची वसुली पुढे झालीच.

माती आधी कडकडीत वाळवावी लागते. ओलसर ढेकूळ पाण्यात टाकलं तर आठवडाभर ते ढेकूळच राहतं. पण ठणठणीत वाळलेलं ढेकूळ पाण्यात पडलं की बुडबुडे सोडत, सुस्कारे टाकत बघता बघता विरघळतं. हे बघण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. मग तो चिखल गाळायचा. त्याला इंचाला ऐंशी छिद्रांची बारीक जाळी लागते. मी स्वयंपाकघरातली गाळणी घेतली. गाळलेला चिखल उशीच्या अभ्र्यात भरून निथळायला मागच्या दारात टांगला. रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि अंधारात ते लोंबणारं, ठिबकणारं गाठोडं बघून त्यांनी जी हाक मारली, ती ऐकून आम्ही तिघं तीन दारांतून बाहेर आलो.

"अगं, काय टांगलंयस हे?"

"माती आहे, आई."

"कोणाची?" त्यांनी विचारलं. अजून त्या पुरत्या जाग्या झाल्या नव्हत्या.

हात आणि गाळणी मी सिंकमध्ये धुतली. दोन दिवस धुतली. तिसऱ्या दिवशी सिंकनं पाणी घ्यायचं बंद केलं. खालच्या वळणदार पाइपात माझी माती इतकी सुरेख बसली होती की तिथेच भाजली असती तर निदान एक वस्तू तरी नीट आकारात निघाली असती. प्लंबरनं पाइप उघडला, आतला पिवळा गोळा हातात घेऊन दाबून बघितला आणि म्हणाला, "ताई, चांगली मऊ आहे हो." हे मातीकामातलं मला मिळालेलं पहिलं कौतुक. मातीचे हात नळाखाली धुवायचेच नसतात. बादलीत धुवायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी झाडांना घालायचं आणि गाळ परत वापरायचा. तिसरी बादली गेली ती अशी.

मळण्याचं तर विचारू नका. ढकलायची, दुमडायची, फिरवायची, पुन्हा ढकलायची. अर्ध्या तासानं माती एकजीव होते आणि माणूस विस्कळीत.

चाक नव्हतंच. हातानंच वळ्यांवर वळ्या रचून मी चार कप आणि तीन वाडगे केले. वाळताना आणि भाजताना मिळून माती साधारण दहा-बारा टक्के आकसते, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि आपला ऐटदार कप रोज सकाळी थोडा थोडा खाली बसताना बघणं वेगळं. त्यातून मी वाळत आलेल्या कपांना ओलेकच्च कान लावले. कप आकसून झाला होता, कानाचं आकसणं बाकी होतं. तीन कपांचे कान रातोरात गळून पडले. चौथ्याचा टिकला, पण त्यात बोट जाईना. नवऱ्यानं तो कप सगळीकडून फिरवून बघितला आणि अतिशय हळुवारपणे विचारलं, "हा कान ऐकण्यासाठी आहे का?"

आता झिलई. झिलई म्हणजे भांड्यावर वितळवून बसवलेली काच. काच होते सिलिकेची, म्हणजे वाळूत असते त्या द्रव्याची, पण एकटी सिलिका वितळायला १,७०० अंशांच्या वर तापमान लागतं. म्हणून तिला लवकर विरघळवणारा कोणीतरी सोबतीला द्यावा लागतो, आणि वितळून ती थेट खाली वाहून जाऊ नये म्हणून तिसरा लागतो. तो तिसरा मातीतूनच मिळतो. विरघळवायचं काम पूर्वी शतकानुशतकं शिशाकडे होतं. झकास चमकतं, कमी आचेवर वितळतं आणि भांड्यात आंबट काही ठेवलं की गुपचूप त्यात उतरून पोटात जातं. शिसं बाद. मग उरली लाकडाची राख. चीनमधल्या कुंभारांनी तीन हजार वर्षांहून आधी पाहिलं होतं की भट्टीतली राख उडून भांड्यांवर बसते आणि तिथेच चकाकी धरते. शुद्ध, नैसर्गिक, फुकट! मी लेकीला अभिमानानं कृती वाचून दाखवली : दोन भाग राख, दोन भाग फेल्डस्पार नावाचं खनिज, एक भाग माती.

"फेल्डस्पार कुठून येतं?"

"खाणीतून."

"हं. आणि राख?"

"लाकूड जाळून."

"किती लाकडाची किती राख?"

शंभर किलो लाकूड जाळलं तर जेमतेम किलोभर राख मिळते, हे मला माहीत होतं. पण आईलाही काही गोष्टी माहीत नसण्याचा हक्क असतो. "ओळखीच्यांच्या शेकोटीची आहे, ती काही आपल्यासाठी पेटवलेली नव्हती," असं म्हणून मी सुटले.

राख पाण्यात भिजवून, नितळून, पुन्हा भिजवायची. चौथी बादली. ते पाणी हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. त्याचं कारण असं की त्यात उतरलेला क्षार आपल्याच कातडीतल्या तेलाचा साबण करत असतो. हे मला त्या पाण्यात हात घालायच्या आधी कळायला हवं होतं, कळलं नंतर. बोटं सोलवटून निघाली. सासूबाई सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "आम्ही राखेनं भांडी घासली. तुमचं बघा, राखेची भांडीच करताय."

भाजायचं कसं, हा प्रश्न मी शेवटपर्यंत टाळला होता. घरातला ओव्हन २५० अंशांवर दम टाकतो. मातीच्या कणांत बांधलेलं पाणी ६०० अंशांच्या आसपास पुरतं निघून जातं, तेव्हा कुठे ती पुन्हा चिखल होत नाही. म्हणून एका जुन्या पत्र्याच्या पिंपाला भोकं पाडली, लाकडाच्या भुशात भांडी रचली आणि वरून पेटवलं. भुसा रात्रभर धुमसत उतरतो. धूर मात्र इतका झाला की शेजारचे गृहस्थ पाण्याची बादली घेऊनच आले. ती बादलीही मी ठेवून घेणार होते, पण नवऱ्यानं डोळे वटारले.

त्याच संध्याकाळी मी त्याला बर्नार पालिसीची गोष्ट सांगायची चूक केली. सोळाव्या शतकातला हा फ्रेंच माणूस झिलईच्या नादानं इतका झपाटला होता की सरपण संपल्यावर त्यानं घरातली टेबलं आणि जमिनीच्या फळ्यासुद्धा भट्टीत घातल्या. गोष्ट स्फूर्तिदायक आहे. नवरा मात्र उठून जेवणाच्या टेबलाजवळ जाऊन बसला आणि झोपायची वेळ झाली तरी तिथून हलला नाही.

रात्री पिंपातून "फट्" आवाज आला. मग "फट् फट्". भांडं आतून दमट राहिलं की पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा हवी असते, आणि ती भिंत फोडून जागा करून घेते. लोक उगाच हवेच्या बुडबुड्याला दोष देतात. अर्धा तास माती मळून घाम काढल्यावर ही माहिती मिळाली. सकाळी राखेत खापरं निघाली आणि एक वाडगा निघाला, अख्खा! काळा-तांबूस, धुराच्या ढगांचा. मी त्यात पाणी ओतलं. पाच मिनिटांत वाडग्याखाली ओलं वर्तुळ उमटलं. सासूबाई म्हणाल्या, "पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं. हा तर सुलटा आहे."

मग मी मुकाट्यानं एका जाणत्या कुंभारबाईंकडे गेले. त्यांच्याकडे विजेची भट्टी आहे. ती गच्च भरल्याशिवाय त्या लावत नाहीत. हे मी लेकीला दोनदा सांगितलं. बाईंनी माझ्या कपड्यांवरची सुकी माती बघून आधी मला झापलं. मातीची धूळ फुप्फुसात बसते, झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. मग नव्यानं केलेले दोन वाडगे घेतले आणि पहिली भाजणी, १,००० अंशांची, करून दिली. वाडगे विटेसारखे खणखणीत वाजत होते. एक बाईंनी झिलईसाठी ठेवून घेतला, दुसरा मी घरी आणून फळीवर मांडला आणि येता-जाता बघत बसले.

तिसऱ्या रात्री, खट्.

"पाल आहे," नवरा म्हणाला. पुन्हा खट्. दिवा लावून बघितलं. वाडग्याच्या पोटावरून नखाएवढी खपली उडून फळीवर पडली होती आणि त्या खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा कण बसला होता, मोहरीएवढा. चुनखडी! भट्टीत तिचा चुना होतो, घरी आल्यावर तो हवेतला ओलावा पीत पीत फुगतो आणि वरची माती उडवून देतो. व्हिनेगरचे दोन थेंब टाकले असते तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. जाळी बारीक असती तर कण गाळणीतच अडला असता. आठवडाभर आमच्या घरात रात्री-अपरात्री खट् वाजलं की नवरा झोपेतच "व्हिनेगर" एवढंच पुटपुटायचा.

दुसऱ्या वाडग्यावर मी राखेची झिलई चढवली आणि तो १,२२० अंशांच्या भाजणीला दिला. बाईंनी तो त्यांच्या एका जुन्या ताटलीत ठेवून भट्टीत घातला. मला जरा अपमान वाटला. दोन दिवसांनी भट्टी उघडली तेव्हा ताटली होती, वाडगा नव्हता. ताटलीच्या तळाशी गडद तपकिरी, आरशासारखं चकाकणारं एक तळं गोठलेलं होतं. माझ्या मातीत लोह भरपूर आणि वर ती चुनखडी. एवढ्या आचेला अशी माती उभी राहत नाही, लोळण घेते. जुनी ताटली नसती तर बाईंची भट्टीची फरशी गेली असती.

बाई ताटली उन्हात धरून बघत राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "अहो, भांडं म्हणून नापास आहे तुमची माती. पण झिलई म्हणून पहिल्या नंबरानं पास."

अशा माती जगात असतात म्हणे, नुसत्या पाण्यात कालवून फासल्या तरी पुरे. फेल्डस्पार नको, खाण नको. बाईंनी त्यांच्या मातीचा, त्यांनी वळलेला, त्यांच्या भट्टीतला एक वाडगा दिला, मी त्याला माझा चिखल फासला. निघाला तो खरोखर देखणा होता. पोटावर काळपट तपकिरी, कडेला पातळ होत गेलेला मधाचा रंग. घरी सगळ्यांनी हातात घेऊन बघितला.

"यातलं तू काय केलंस?" नवऱ्यानं विचारलं.

"रंग."

लेकीनं शेवटचा प्रश्न राखून ठेवला होता. "आई, हा कुजायला किती वर्षं लागतील?"

चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेत सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची खापरं सापडली आहेत. अजून खापरंच आहेत. पिंपातले माझे तुकडे, तो खट् वाजणारा वाडगा आणि ताटलीतलं तळं, सगळं मिळून मी पुढच्या विसेक हजार वर्षांचा कचरा करून ठेवला होता. मी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. लेकीनं वही मिटली.

मग मला ते कप आठवले. कान गळालेले तीन आणि कानात बोट न जाणारा एक. न भाजलेले, माळ्यावर वाळून खडखडीत झालेले. मी बादलीत पाणी घेतलं आणि पहिला कप अलगद सोडला. त्यानं बुडबुडे सोडले, एक बारीकसा सुस्कारा टाकला, काठ दुमडला, मग एक कड घसरली आणि कप स्वतःतच खाली बसला. दोन-चार मिनिटांत तळाशी नुसता गाळ. लेक गुडघ्यांवर बसून बघत होती. "अजून एक टाक ना," म्हणाली. सासूबाईही खुर्ची ओढून आल्या. चौथा, कानवाला कप त्यांनी स्वतः सोडला. कान सगळ्यात शेवटी विरघळला.

"हे बघ, हे खरं इको-फ्रेंडली," लेक म्हणाली. "हे तुला मस्त जमतं."

तेवढ्यात आतून नवऱ्याची हाक आली. त्यानं साबण लावला होता.