ब्लीचमध्ये व्हिनेगर? चुकूनही नको!

"घरातले जंतू 100 टक्के मारण्याचे 4 उपाय" हा मेसेज सगळीकडे फिरतोय. काल मावशीचा फोन आला, "बाथरूमसाठी यातला चौथा करून बघू का गं?" ते ऐकून धस्स झालं, म्हणून चौथ्यापासूनच सुरुवात करते.

"ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर घाला, ताकद दुप्पट." अजिबात घालू नका! ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर आम्लच आहे आणि अनेक टॉयलेट क्लीनरमध्येही आम्ल असतं. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ सैनिकांवर सोडला होता तो हाच वायू. बंद बाथरूममध्ये आधी डोळे चुरचुरतात, मग घसा धरतो, खोकल्याची उबळ येते. जास्त गेला तर फुप्फुसांत पाणी होतं. आम्लाने ब्लीच अधिक मारक होतं एवढं खरं, पण ते बादलीत अंदाजाने करायचं काम नव्हे. चुकून मिसळलंच तर धूत बसू नका, तडक बाहेर या. आणि ब्लीच कमी पडतं ते बहुतेकदा मळामुळे. नळाच्या बुडाशी साबणाचा बुळबुळीत थर असतो ना, त्यातच ब्लीच खर्ची पडतं आणि खालचे जंतू सुखरूप राहतात. आधी घासा, मग पाण्यात पातळ केलेलं नुसतं ब्लीच वापरा.

"भांड्यांचा स्पंज 1 मिनिट मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, नव्यासारखा होतो." होत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी 2017 मध्ये घराघरांतले वापरलेले 14 स्पंज तपासले. काही ठिकाणी एका घन सेंटीमीटरमध्ये 5 हजार कोटींहून जास्त जिवाणू! जे स्पंज लोक नियमित निर्जंतुक करत होते, त्यांच्यातही ते कमी नव्हते. उलट दोन जातींचं प्रमाण वाढलेलं होतं. तापवल्यावर पुष्कळ मरतात हे मान्य, पण उरलेल्यांना ओल आणि अन्नाचे कण आयते मिळतात, की पुन्हा वाढ. कोरडा स्पंज तर आत पेटूही शकतो. त्या संशोधकांचा सल्ला सरळ होता: आठवड्याला बदला.

"मोबाइल टॉयलेट सीटपेक्षा घाण." संख्येने असेलही. सीट गुळगुळीत, कोरडी आणि वरचेवर पुसलेली असते. पण मोबाइलवरचे बहुतेक जंतू आपल्याच त्वचेवरचे, निरुपद्रवी. हात धुवा, मोबाइल पुसा, झालं.

राहिला "जमिनीवर पडलेलं खाणं 5 सेकंदांत उचललं तर चालतं". अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने 2016 मध्ये तपासलं: कलिंगडासारख्या ओल्या फोडीला 1 सेकंदाच्या आतही जंतू चिकटतात.