टेप ढिला हाय, साहेब!

आमच्या घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये एक बोळ आहे. तिथे सध्या तुळशीची फुटकी कुंडी, बंद पडलेला कूलर आणि शेजारच्यांचं मांजर राहतं. या बोळावर पत्रा टाकून खाली गाडी लावावी, एवढीच माझी आयुष्यातली उरलेली महत्त्वाकांक्षा. पण कागदोपत्री बोळाला बोळ म्हणत नाहीत. ते 'सामासिक अंतर', आणि ते आभाळाला उघडं ठेवावं लागतं. म्हणून सवलत मागायला अर्ज केला. त्याच अर्जात, एका दगडात दोन पक्षी म्हणून, हिच्या 'पिको-फॉल करून मिळेल' या दोन बाय तीन फुटी बोर्डाचीही परवानगी मागितली.

अर्ज दिल्यावर 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं, असं 1966 च्या नगररचना कायद्याचं 45 वं कलम म्हणतं. मी कॅलेंडरवर रोज फुली मारत होतो. प्लॅन मुळात नियमात बसत असला पाहिजे, ही त्यातली अट मी सोयीनं विसरलो होतो. बसत असता तर सवलत कशाला मागितली असती? असो. 58 व्या दिवशी सकाळी साडेअकराला जेई साहेब, म्हणजे नगरपालिकेचे कनिष्ठ अभियंते, टेप घेऊन दारात.

साहेब तरुण, घामाघूम, आणि खरं सांगायचं तर चांगले. नियमाप्रमाणे एका मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. लांबीचा प्रश्न नव्हता. रुंदीसाठी टेपचं एक टोक मी कंपाउंडला धरलं, दुसरं त्यांनी भिंतीला. मधे ती कुंडी. टेप तिच्यावरून जरा चढून उतरला. मी ती आधी हलवायला हवी होती असं कुणी म्हणेल. म्हणू दे. साहेबांनी वाचलं, "दोन बावन्न." माझ्या छातीत पत्रा वाजला.

आणि नेमके तेव्हाच आबा फाटकातून आत आले.

आबा म्हणजे आमच्या आळीतले निवृत्त एसटी कंडक्टर. वय पंच्याहत्तर, टोपी पांढरी, हातात चार कंदी पेढ्यांचा पुडा (नात पास झाली म्हणून). आळीत चार माणसं कुठं जमलेली दिसली की आबांना ती खोळंबलेली गाडीच वाटते.

"काय मोजताय, साहेब?"

"पार्किंग."

आबा वाकले, एक डोळा मिटला. "टेप ढिला हाय, साहेब. कुंडीवर चढलाय." पुडा माझ्या हातात दिला, कुंडी पायानं बाजूला लोटली, टोक माझ्याकडून काढून घेतलं आणि डबल बेलची दोरी ओढावी तसं खेचलं. "आता वाचा."

"दोन चव्वेचाळीस."

सहा सेंटिमीटर कमी. दोन कंदी पेढे शेजारी शेजारी ठेवले तर साधारण तेवढंच होतं. पुडा हातात होता म्हणून सांगतो.

माझा चेहरा बघून आबांना माझी दया आली. खरं नुकसान तिथून सुरू झालं. "आवो साहेब, सहा सेंटिमीटरचं काय घिऊन बसलाय? म्या पालीच्या जत्रंला एका गाडीत शंभर माणसं नेलीयत. छतावरची धरली न्हाईत. मागं सरका म्हटलं की माणूस सरकतंय. यांची भिंत बी सरकलीच की! हितं पयलं मोरी कुठं हुती? ही नंतर बाहेर काढली. सत्त्याण्णव साली. म्या सोता बघितलीया, वाळू आमच्याच दारात टाकली हुती."

साहेबांनी पेन काढलं. "मोरी मंजूर प्लॅनमध्ये नाही?"

"आवो, मोरी न्हाई, वरचा छज्जा बी न्हाई!" आबा माझ्या बाजूनं भांडत होते. मला वाचवताना त्यांनी अर्धं घर बेकायदा करून टाकलं. मी खाकरलो, डोळे वटारले, पुडासुद्धा परत केला. ते म्हणाले, "तुमी गप ऱ्हावा, मास्तर. तुमास्नी बोलायला जमत न्हाई."

जाताना साहेबांनी आबांचे पेढेही नाकारले. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता माझ्या फायलीत पार्किंगचा शेरा अर्ध्या ओळीचा आणि मोरीचा शेरा अर्ध्या पानाचा आहे. बोर्डाचं विचारलं तर म्हणाले, तो वेगळा अर्ज, वेगळं टेबल, वेगळी फी. ते टेबल रजेवर आहे.

आणि हे सगळं ऐकून घरी येताना समोर काय, तर चौकातला फ्लेक्स. वीस बाय दहा, भाऊंचा वाढदिवस, खाली बावीस शुभेच्छुकांची पासपोर्ट साइज तोंडं. त्याला कुणी टेप लावला होता का? बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जी जनहित याचिका गाजली, ती 2011 मध्ये कुणी केली होती? आपल्या साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशननं. 2017 ला कोर्टानं खडसावून निकालही दिला. म्हणजे राज्याला शहाणपण शिकवणारं गाव आपलं, आणि पिको-फॉलच्या बोर्डाला टेबल सापडत नाही. हिनं शेवटी तो बोर्ड घरातच टांगला, देव्हाऱ्याशेजारी. देवाला पिको करायची असेल तर सोय झाली.

गाडी मी सध्या त्या फ्लेक्सखाली लावतो. दुपारी चांगली सावली पडते आणि पाऊस आला तरी बॉनेट कोरडं राहतं. परवा भाऊंची पोरं शिडी घेऊन फ्लेक्स उतरवायला आली. मी धावत गेलो. म्हटलं, एवढी घाई काय आहे, राहू द्या की चार दिवस.

मागून आबा ओरडले, "मास्तर, गाडी जरा आत घ्या, अजून एक बसंल!"