बिनकेसाचे चिरंजीव

"केसच नाहीत म्हटल्यावर याचे काही करावेच लागत नसेल," असे आमच्या चायनीज क्रेस्टेड जातीच्या कुत्र्याकडे पाहून म्हणणाऱ्या माणसाच्या हाती मी मुकाट्याने मलमाची बाटली देतो. डोक्यावर, शेपटीवर आणि पंजांवर केस व मधला सगळा प्रदेश उघडा, अशा या जेमतेम पाच किलोंच्या जिवाची बडदास्त ठेवण्यातच आमच्या घराचा दिवस सरतो.

पाठीवर मुरुमे येतात, तीही काळ्या तोंडाची. वयात येताना मी स्वतःचा चेहरा जितका न्याहाळला नसेल, तितकी आता त्याची पाठ न्याहाळतो; फोडण्याचा मोह मात्र आवरावा लागतो, कारण फोडले की जंतुसंसर्ग होतो. उन्हात कातडी भाजते म्हणून सनस्क्रीन लावावे, तर स्वारी ते चवीने चाटते, आणि माणसांच्या क्रीममधले झिंक ऑक्साइड कुत्र्याला विषारी असल्याने त्याच्यासाठी निराळी बाटली आणावी लागते. थंडीचे कपडे वेगळेच. घरात इस्त्रीचे कपडे सर्वांत जास्त कोणाचे, हे मी सांगणार नाही.

या साऱ्याच्या मुळाशी असलेले फॉक्स-आय-थ्री हे जनुक संशोधकांनी २००८ साली शोधून काढले. त्यातला बदल केसांबरोबर दातही नेतो. एरवी कुत्र्याला ४२ दात असतात. आमच्याकडे पुढच्या दाढा बहुतेक उगवल्याच नाहीत आणि जे सुळे आले, ते पुढे झुकलेले. या बदलाच्या दोन प्रती एकत्र आल्या, तर पिल्लू जन्मापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे प्रत्येक बिनकेसाच्या कुत्र्यात एक प्रत साधी असते आणि त्याच वेतात अंगभर केसांचे, भरल्या तोंडाचे पावडरपफ भावंडही जन्मते. दैवाची वाटणी म्हणतात ती हीच.

चालता चालता तो मध्येच मागचा एक पाय उचलून तीन पायांवर उड्या मारतो, मग पाय झटकतो आणि काही झालेच नाही अशा थाटात पुढे जातो. बघणाऱ्यांना ते नृत्य वाटते; पशुवैद्यांनी त्याच्या गुडघ्याची वाटी अंगठ्याने अलगद सरकवून दाखवल्यापासून मला वाटत नाही.

डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होण्याचा आनुवंशिक आजारही या जातीत आढळतो आणि त्यात आधी अंधारातले दिसेनासे होते. जनुकीय चाचणी निर्दोष आली असली, तरी माझी खात्री पटत नसल्याने रात्री दिवा मालवून मी चेंडू टाकतो. तो बिनचूक आणून देतो. पलंगाच्या पायावर करंगळी आपटते ती माझी.