तारे मोजून हत्यार निवडू नका

गेन्शिन इम्पॅक्ट हा मोबाइल-कॉम्प्युटरवरचा गेम खेळणाऱ्या पुण्यातल्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय. कोथरूड, कर्वेनगर, विमाननगर, जिथे हॉस्टेल आणि पीजी आहेत तिथल्या बहुतेक ग्रुपवर तो पोचलाय. त्यातली सांगणी अशी: पाच ताऱ्यांखालचं हत्यार ठेवू नका, दुसऱ्या हत्याराची लेव्हल वाढवायला खाऊ घाला. पाच ताऱ्यांचा आर्टिफॅक्ट (पात्राला चढवायच्या पाच तुकड्यांपैकी एक) मिळाला की लगेच +20, म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलला न्या. सगळ्या पात्रांना अटॅक वाढवणारंच सामान लावा. पाचही आर्टिफॅक्ट एकाच सेटचे हवेत. आणि पैसे घालून वेपन बॅनर (हत्यारांची लॉटरी) काढल्याशिवाय स्पायरल अबिस या अवघड आव्हानाचा बारावा मजला पार होत नाही.

नवीन खेळाडू हे वाचतो, खरं मानतो आणि कित्येक आठवड्यांचं रेझिन (आर्टिफॅक्ट मिळवायला खर्च होणारा, हळूहळू भरणारा साठा) वाया घालवतो. काही जण तर मेसचे पैसे घालवतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

हत्यारापासून सुरुवात करू. मेसेजमधला खरा भाग आधी मान्य करतो. लेव्हल 90 ला पाच ताऱ्यांच्या बऱ्याच हत्यारांचा बेस (मूळ) अटॅक 608 असतो आणि चार ताऱ्यांच्या बऱ्याच हत्यारांचा 510. मुख्य मारेकरी पात्राच्या हातात हा फरक नक्की जाणवतो. पण संघात चार पात्रं असतात आणि मारेकरी बहुतेक वेळा एकच. बाकीचे तिघे त्याला बळ पुरवायला असतात.

थ्रिलिंग टेल्स ऑफ ड्रॅगन स्लेयर्स हे पुस्तक घ्या. तारे तीनच. ते धरलेलं पात्र मागे गेलं की पुढे येणाऱ्या पात्राचा अटॅक 10 सेकंदांसाठी वाढतो: साध्या प्रतीत 24 टक्के, पाच प्रती एकत्र करून रिफाइन केलं की 48 टक्के. 20 सेकंदांत एकदाच होतं, पण मारेकऱ्याची पाळी तेवढ्याच अंतराने येते. सुक्रोज या पात्राचा स्वतःचा स्वर्ल (वाऱ्याची रिअॅक्शन) तिच्या लेव्हलवर आणि एलिमेंटल मास्टरीवर, म्हणजे आग-पाण्यासारखे दोन एलिमेंट भिडून होणाऱ्या रिअॅक्शनचा जोर ठरवणाऱ्या गुणावर चालतो, तिच्या अटॅकवर नाही. तिच्या हातात हे पुस्तक दिलं तर तिचं फारसं काही जात नाही आणि दुसऱ्याला 48 टक्के मिळतात.

हा मेसेज वाचून आमच्या ओळखीतल्या एका अकरावीच्या मुलाने या पुस्तकाच्या सगळ्या प्रती तलवारीला खाऊ घातल्या. “दादा, तीन तारे होते ना,” एवढंच त्याचं म्हणणं. तीन ताऱ्यांचं कोरं हत्यार खाऊ घातलं की 1,800 अनुभव गुण मिळतात. लोहाराकडे घडवलेल्या एका मिस्टिक ओरमधून 10,000 मिळतात. हिशेब इतका सरळ असताना एवढ्या कामाची वस्तू मोडायला सांगणारा सल्ला मला बेजबाबदार वाटतो. असली हत्यारं लॉक करून ठेवा.

चार ताऱ्यांची फेव्होनियस मालिकाही अशीच. क्रिट (नशिबाने बसणारा जास्तीचा फटका) बसला की ती ऊर्जेचे कण सोडते आणि सगळ्या संघाचे बर्स्ट (ऊर्जा भरल्यावरच वापरता येणारे मोठे डाव) लवकर भरतात. बर्स्ट भरलाच नाही, तर 608 बेस अटॅक घेऊन करणार काय?

आता अटॅकचा मुद्दा. माझा सगळ्यात जास्त आक्षेप याच्यावर आहे, कारण तो ऐकायला बरोबर वाटतो. अटॅकचे टक्के एकमेकांत मिळवले जातात. समजा तुमच्या पात्राला आधीच 100 टक्के वाढीव अटॅक मिळतोय. त्यावर +20 चा अटॅक गॉब्लेट (पाच आर्टिफॅक्टपैकी एक) लावला, तर 46.6 टक्के आणखी मिळतात. म्हणजे दुप्पट होतं ते 2.466 पट झालं, खरी वाढ 23 टक्के. त्याच जागी पात्राच्या एलिमेंटचा डॅमेज बोनस देणारा गॉब्लेट लावला, तर आकडा तोच 46.6, पण तो वेगळा गुणला जातो. दुसरा कुठला डॅमेज बोनस नसेल तर पूर्ण 46.6 टक्के वाढ पदरात पडते. बेनेटसारखा अटॅक वाढवणारा साथीदार संघात असला की अटॅक गॉब्लेटची किंमत आणखी घसरते.

बेनेटचंच घ्या. त्याच्या बर्स्टमधून मिळणारा अटॅक त्याच्या बेस अटॅकवरून, म्हणजे त्याचा स्वतःचा आणि हत्याराचा बेस मिळून ठरतो. आर्टिफॅक्टमधला अटॅक त्यात धरलाच जात नाही. त्याला अटॅकचे तुकडे लावून साथीदारांना एका गुणाचाही फायदा होत नाही. त्याला एनर्जी रिचार्ज (बर्स्टची ऊर्जा भरण्याचा वेग) द्या आणि एचपी (जीव) द्या, कारण त्याचं बरं करणं एचपीवर चालतं. झोंगलीची ढाल एचपीवर, नोएलची डिफेन्सवर. कुकी शिनोबूकडून हायपरब्लूम ही रिअॅक्शन करून घ्यायची असेल तर सँड्स, गॉब्लेट आणि सर्कलेट या तिन्ही तुकड्यांवर एलिमेंटल मास्टरी. पात्राच्या टॅलेंटचं वर्णन खेळातच लिहिलेलं असतं. सामान निवडण्याआधी ते वाचायला दोन मिनिटं लागतात.

लगेच +20 करण्याबद्दल. पाच ताऱ्यांचा एक आर्टिफॅक्ट शून्यापासून +20 पर्यंत न्यायला 2,70,475 अनुभव गुण लागतात आणि जवळपास तितकाच मोरा (खेळातलं नाणं). पाच ताऱ्यांचा कोरा तुकडा खाऊ घातला की 3,780 गुण मिळतात. म्हणजे एका +20 मागे असे सत्तरच्या वर तुकडे. +8 पर्यंतचा खर्च मात्र सुमारे 45 हजारच, एकूण खर्चाचा सहावा हिस्सा. दर चार लेव्हलला एक सबस्टॅट (दुय्यम गुण) उघडतो किंवा वाढतो, त्यामुळे +8 ला अशा पाचपैकी दोन रोल दिसलेले असतात. दोन्ही सपाट (टक्क्यांत नव्हे, ठराविक आकड्याने वाढणाऱ्या) डिफेन्समध्ये गेले असतील तर तिथेच थांबा. तो तुकडा पुढे खाऊ घातला की घातलेल्या अनुभवाचे 80 टक्के परत मिळतात. मोरा मात्र परत येत नाही.

अपवाद एक आहे. हव्या त्या एलिमेंटचा गॉब्लेट मिळाला असेल, तर सबस्टॅट वाईट असले तरी वाढवा, कारण त्याची खरी कमाई मुख्य स्टॅटमध्ये आहे.

एकाच सेटचे पाच तुकडे हा नियम कुठून आला कळत नाही. खेळात सेटचे फायदे दोन आणि चार तुकड्यांवर मिळतात, पाचव्यावर काहीच नाही. ती पाचवी जागा मोकळी असते आणि ती गॉब्लेटसाठी ठेवण्यात शहाणपण आहे. खेळाडूंनी जमवलेल्या नोंदींनुसार एका ठराविक एलिमेंटचा गॉब्लेट निघण्याची शक्यता 5 टक्के. तुकडा गॉब्लेटच असण्याची शक्यता पाचात एक आणि डोमेनमध्ये, म्हणजे आर्टिफॅक्ट मिळतात त्या जागी, दोन सेटपैकी तुमचाच निघण्याची निम्मी. गुणाकार केला तर दोनशे तुकड्यांत एक. रेझिन दर 8 मिनिटांना एक भरतं, दिवसाला 180, म्हणजे 20 रेझिनच्या नऊ फेऱ्या, दर फेरीला साधारण एक तुकडा. एवढ्या एका तुकड्यापायी सरासरी तीन आठवडे जातात, आणि त्याचे सबस्टॅट कसे निघतील ते वेगळंच. दुसऱ्या सेटचा चांगला गॉब्लेट घेतला की हे सगळं रेझिन वाचतं.

इन्स्ट्रक्टर हा सेट तर चार ताऱ्यांच्या वर मिळतच नाही, तरी त्याचे चार तुकडे घातलेल्या पात्राने रिअॅक्शन केली की सगळ्या संघाची एलिमेंटल मास्टरी 8 सेकंदांसाठी 120 ने वाढते. रिअॅक्शनवर उभ्या असलेल्या संघाला हे पुष्कळ आहे.

राहिला पैशाचा मुद्दा. फक्त चार ताऱ्यांची पात्रं आणि हत्यारं घेऊन बारावा मजला पूर्ण करणारे खेळाडू अनेक वर्षांपासून आहेत, त्यांचे व्हिडिओ कुणालाही पाहता येतात. उलट वेपन बॅनरचा हिशेब बघा. एका पुलला (लॉटरीतल्या एका खेपेला) 160 प्रिमोजेम (खेळातलं चलन) लागतात. पाच ताऱ्यांचं हत्यार जास्तीत जास्त 80 पुलमध्ये येतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. 5.0 आवृत्तीपासून एकदा हुकलं की पुढचं हमखास मिळतं, म्हणजे सगळ्यात वाईट वेळ आली तर 160 पुल, 25,600 प्रिमोजेम. आणि त्या बदल्यात मिळतं एका पात्राचं एक हत्यार.

शांगलिंग किंवा रायडेन या पात्रांसाठी भाला हवा असेल तर खेळातल्या इनाझुमा प्रदेशात मासे पकडून त्या बदल्यात द कॅच घ्या. चार तारे, पैसे शून्य. रिफाइन करायचं सामानही माशांवरच मिळतं. पूर्ण रिफाइन केल्यावर बर्स्टचा मार 32 टक्के आणि बर्स्टचा क्रिट रेट 12 टक्के वाढतो, शिवाय एनर्जी रिचार्ज त्याच्या सबस्टॅटमध्येच आहे. या दोघींचा बहुतेक मार बर्स्टमधून येतो, आणि दोघींना ऊर्जा लागते.